किड्याचं बारसं

आमच्या हिंगणघाटात समुद्राशी माणसाचा संबंध येतो तो मिठापुरता. अशा गावच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो आणि गेली कित्येक वर्षं समुद्रातल्या एका किड्याच्या मागे आहे. होतो, असं म्हणायला पाहिजे. स्टाफरूममध्ये त्यावरून माझी भरपूर थट्टा व्हायची. "मास्तर, वणा नदीत डुबकी मारून पाहा, तिथंच सापडन एखादा," असं आमचे रसायनशास्त्राचे सर म्हणायचे आणि मीही हसायचो. तेव्हा हसायला येत होतं.

'किडा' हा शब्द आईचा. खरं तर तो कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या गोतातला, पण तिळाएवढा. आणि तोही उघड्या पाण्यात राहणारा नव्हे, दुसऱ्याच्या पोटात बिऱ्हाड करणारा. समुद्रात खडकांना, होड्यांच्या तळाला, धक्क्याच्या खांबांना चिकटून राहणारे पिशवीसारखे प्राणी असतात. बोटानं दाबलं की पाण्याची पिचकारी मारतात, म्हणून मी वर्गात त्यांना समुद्रपिचकारी म्हणतो. या पिशवीच्या आत पाणी गाळायची एक जाळी असते. त्या जाळीत माझा कोपेपॉड राहतो. घर फुकट, पाणी फुकट, जेवण दारात. मादीला आयुष्यभर कुठं जायचंच नसतं, त्यामुळे तिचे पाय बारीक होत जातात आणि पाठ फुगून अंड्यांचं पोतं होते. नर मात्र सडपातळ राहतो. हे सगळं मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे घरजावई झाला हा त." इतकं नेमकं वर्णन मला कोणत्याच पुस्तकात मिळालं नव्हतं.

मला हे वेड लागलं ते कोकणात शिकताना. माझे मार्गदर्शक सर आता नाहीत. त्यांनी एकदा खाडीतल्या जुन्या लाकडी धक्क्याच्या खांबांवरून खरवडून आणलेल्या पिचकाऱ्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, बघ काय निघतं ते. निघालं ते पुढं अनेक वर्षं मला पुरलं. नोकरी लागून विदर्भात परतलो तरी सुटीत मी त्या खाडीवर जायचो, ओहोटीला चिखलात बसायचो आणि बाटल्या भरून रेल्वेनं घरी आणायचो. एका खेपेला जे आणलं त्यात काही पिचकाऱ्यांच्या जाळीत मला तो दिसला. शेपटीच्या टोकाला वाकडी नखं आणि पाचव्या पायावर एक केस असा, की जो त्याच्या कोणत्याही भाऊबंदाला नाही. पहिल्यांदा मला वाटलं कापूसच असणार. आमच्याकडे जिनिंगच्या मोसमात कापसाचे तंतू हवेत इतके उडतात की ते चहात पडतात, पापणीवर बसतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तर हमखास येतात. एका जुन्या चित्रात मी असा कापसाचा तंतू मोठ्या भक्तिभावानं प्राण्याचा केस म्हणून काढला होता आणि सरांनी त्यावर लाल पेन्सिलीनं 'कपाशी' लिहून पाठवलं होतं. म्हणून या वेळी मी पापणीचा केस काडीला चिकटवून त्यानं तो प्राणी उलटासुलटा करून पाहिला. पुन्हा पाहिला. तो कापूस नव्हता.

नवी जात. जगात आजवर कोणी नाव न दिलेली.

ज्यांना हा छंद नाही त्यांना यातला आनंद समजावणं अवघड आहे, आणि मला आता तो समजावायचीही इच्छा नाही. एवढंच सांगतो की त्या दिवशी मी घरी येताना पेढे घेतले. आई तेव्हा हिंगणीकडच्या आमच्या गावाहून माझ्याकडे राहायला आली होती. मी एकटा, लग्न केलं नाही, आणि तिचं वय झालेलं, त्यामुळे वर्षातले काही महिने ती माझ्याकडे असते. पेढा हातात घेऊन तिनं विचारलं, "काय झालं? पोरगी पाह्यली का?" मी म्हणालो, नवा किडा सापडला, आता त्याला नाव द्यायचं आहे. तिनं पेढा तोंडात टाकला. मग म्हणाली, "बरं बापा. ह्या घरात बारसं त होईन. किड्याचं का असेना."

तेव्हापासून तो तिचा लाडका विषय झाला. चित्रं काढायला मला फार वेळ लागला. एकेक पाय, एकेक केस, एकेक नख, वरून, खालून, बाजूनं. आई चहा ठेवताना विचारायची, "बारसं कधी?" मी म्हणायचो, अजून वेळ आहे. "नवसाचा आहे म्हणावं," ती म्हणायची, "उशीर लागनच." बारशाला घुगऱ्या वाटायच्या म्हणून तिनं गावाहून येताना वेगळे चणे आणून डब्यात ठेवले होते. ही थट्टा होती की खरंच, हे तिच्या चेहऱ्यावरून कधी कळत नसे.

आता आईची दुसरी गोष्ट सांगायला हवी. तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझा बाप शेती करायचा आणि गावोगावच्या मोटारी-इंजिनं दुरुस्त करायचा. हात सोन्याचे होते. पण आमच्या भागात जंगल आहे, जंगलात मोह आहे, आणि मोह आहे तिथं त्याची दारू गाळणारे आहेत. जिल्हा दारूबंदीचा. म्हणजे दारू मिळत नाही असं नाही, चारचौघांत मिळत नाही एवढंच. बाप रोज प्यायचा. बायांनी मिळून गावात भट्ट्या बंद पाडायचं ठरवलं तेव्हा त्यात आई पुढं होती. पण घरात मडकं फोडलं की मार बसतो, हे सगळ्याच जणींनी अनुभवलं होतं. तेव्हा आईनं एक युक्ती काढली आणि ती गावभर झाली. बाटली फोडायची नाही, लपवायची नाही. दारू मोरीत ओतायची, बाटली पाण्यानं भरायची, बूच लावायचं आणि होती तिथं जशीच्या तशी ठेवून द्यायची. माणसाला घोट घेईपर्यंत कळत नसे. तोवर बाई शेजारी, नाहीतर शेतात.

बाप घोट घ्यायचा आणि ओरडायचा, "बाटली कोणी खाली केली?" हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं की अजून ते कोणत्या दारातून आणि कोणत्या पट्टीत यायचं ते आठवतं. आई हात चेहऱ्यापुढे आडवा धरायची. कधी वेळेवर, कधी नाही. ती म्हणायची, दवाखान्यात नेऊ, सोडवू. तो म्हणायचा, दारू कुठं आहे, हे तर खोकल्याचं औषध आहे. शेवटी पोटात पाणी होऊन गेला. आईनं इतकं पाणी त्याच्या बाटल्यांमध्ये ओतलं, पण त्याला ते लागू पडलं नाही.

आता माझ्या कपाटाकडे येतो.

मेलेला प्राणी टिकवायचा तर तो स्पिरिटमध्ये ठेवावा लागतो. कॉलेजला त्याचा परवाना असतो आणि ते प्रयोगशाळेतच ठेवायचं असा नियम असतो. आमच्या गावात स्पिरिटची बाटली कोणाच्या हातात दिसली तर लोक आधी वास घेतात, मग नमस्कार करतात. उन्हाळ्याच्या तोंडावर आमची प्रयोगशाळा परीक्षेच्या कामासाठी रिकामी करायला सांगितली. मी विनवण्या केल्या, भांडलो, शेवटी माझा सूक्ष्मदर्शक आणि त्या बोटभर बाटल्या पिशवीत घालून घरी आणल्या. उघड्यावर ठेवायची भीती वाटली. पोलीस आले तर काय सांगणार, किडा आहे म्हणून? म्हणून कपाटात रजयांच्या मागे ठेवल्या. आई घरी होती. तिला मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

मग मला पेपर तपासायला नागपूरला बोलावलं. काही आठवडे मी तिकडेच अडकलो. इकडे ऊन असं होतं की चपलेचं रबर रस्त्याला चिकटत होतं. एक दिवस आईनं रजया उन्हात घालायला काढल्या. मागे बाटल्या. लहान लहान, बुचं घट्ट, लपवून ठेवलेल्या. तिनं एक उघडली आणि वास घेतला.

त्या क्षणी तिच्या मनात काय आलं असेल ते मी अनेकदा डोळ्यांसमोर आणलं आहे. बाप गेला आणि आता पोरगा. एकटा राहतो, लग्न नाही, कपाटात लपवून बाटल्या. तिनं रडारड केली नाही, शेजारी सांगितलं नाही, मला फोन केला नाही. तिनं तिला येत होतं ते केलं. फक्त या वेळी ती आणखी काळजीनं वागली, कारण बाटलीत तिला बारीक किडे दिसले आणि ते माझ्या अभ्यासाचे आहेत हे तिला ठाऊक होतं. तिनं बाटलीच्या तोंडावर पातळ फडकं धरलं, स्पिरिट मोरीत गाळून टाकलं, किडे पुन्हा बाटलीत सोडले, वरून माठातलं स्वच्छ पाणी भरलं, बुचं लावली आणि रजयांच्या मागे होत्या तशाच ठेवून दिल्या. पोराचा अभ्यासही राहिला आणि दारूही गेली.

मी परत आलो. चित्रं पूर्ण झाली होती, लेख लिहून तयार होता. आता नमुना संग्रहालयाकडे पाठवायचा, त्याला तिकडचा क्रमांक मिळवायचा, तो लेखात लिहायचा आणि नाव जाहीर करायचं एवढंच उरलं होतं. नव्या जातीचं असं असतं की कागदावर कितीही लिहा, कुठंतरी एक शरीर ठेवावं लागतं. शंभर वर्षांनी कोणी आलं आणि म्हणालं, हा मास्तर खोटं बोलला, तर त्याला ते शरीर काढून दाखवता आलं पाहिजे. नाव त्या शरीराला बांधलेलं असतं. शरीर नाही तर नाव नाही.

मी कपाट उघडलं. बाटल्या जागेवर होत्या. आतलं पाणी गढूळ झालं होतं. बूच काढलं तर नाल्याचा वास आला. मी बशीत ओतून सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं. बुरशीचे धागे, त्यात अडकलेले सालपटाचे तुकडे, एखाद्या पायाचा सांगाडा. पुढची बाटली तशीच. त्याच्या पुढचीही. प्रत्येकीत मी पेन्सिलीनं लिहून टाकलेली चिठ्ठी मात्र शाबूत होती. खाडी, जुना धक्का, पिचकारीच्या आत. पेन्सिल पाण्यातही टिकते. एक मादी पूर्वी चिरून मी तिचे पाय काचपट्टीवर ठेवले होते, पण त्या उन्हात पट्टीत बुडबुडे भरले आणि तीही गेली.

आई मागे येऊन उभी राहिली होती. मी वळलो आणि ओरडलो, "बाटली कोणी खाली केली?"

तिचा हात वर गेला. चेहऱ्यापुढे आडवा.

मी आयुष्यात तिच्यावर हात उगारलेला नाही. ते वाक्य माझ्या तोंडातून कसं आलं मला माहीत नाही, पण आलं ते त्याच पट्टीत. ती भिंतीला टेकून उभी होती आणि मी हातात रिकामी बाटली घेऊन. ज्या माणसाला बघून मी आयुष्यभर साधी ताडीसुद्धा चाखली नाही, तोच माणूस माझ्या घरात उभा असल्यासारखं झालं. माझ्या किड्याचं दुःख मला तेव्हा करताही आलं नाही.

"मीनं तुह्ये किडे नाई फेकले," ती म्हणाली. "तशेच आहेत पाह्य. फक्त दारू काढली."

"ती दारू नाही, आई. ते स्पिरिट आहे. प्यायलं तर माणूस मरते."

"दारूनंही मरतेच."

"ते किडे टिकवायला असते."

"तुहा बापही म्हणे का औषध आहे म्हणून." तिनं हात खाली घेतला. "मंग लपवून काऊन ठेवली होती?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते खरंही होतं. नियम, परवाना, पोलीस, प्रयोगशाळा. मी सगळं सांगितलं. सांगताना मला माझाच आवाज ऐकू येत होता, आणि तो प्रत्येक पिणाऱ्या माणसाच्या आवाजासारखाच होता. जितकं जास्त समजावलं तितकं तिचं तोंड बंद होत गेलं. शेवटी ती म्हणाली, "बरं," आणि भाकरी टाकायला गेली. आईचं ते 'बरं' मी बापाच्या वेळी ऐकलं होतं. त्याचा अर्थ, पटलेलं नाही आणि आता बोलणार नाही.

कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या सरांना सांगितलं. ते या वेळी हसले नाहीत. "लपवाले कोणी सांगतलं होतं, मास्तर?" एवढंच म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. घरात ज्या वस्तूपायी आयुष्य जळलं ती मी घरात आणून लपवली, आणि आईला नाक आहे हे विसरलो.

दिवाळीच्या सुटीत मी खाडीवर गेलो. लाकडी धक्का नव्हता. त्याच्या जागी सिमेंटचा नवा उभा होता, गुळगुळीत. मी आसपासच्या खडकांवरून, होड्यांच्या बुडांवरून पिचकाऱ्या खरवडल्या, चिखलात बसून एकेक चिरली. त्यांच्यात जे निघालं ते सगळीकडे निघतं ते. माझा निघाला नाही. कुठं तरी असेलही. समुद्र मोठा आहे, आणि मी वर्ध्याकडचा मास्तर, मला सुटी संपायच्या आत परत यायचं असतं. परतीच्या गाडीत मी पहिल्यांदा रडलो. समोरच्या बाकावरच्या बाईनं मला पाणी दिलं.

चित्रांवर भागतं का म्हणून मी नियतकालिकाच्या संपादकांना विचारून पाहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. चित्रं सुंदर आहेत, नमुना मिळाल्यास जरूर कळवा. त्या उत्तरात चूक काहीच नव्हती. मीही तेच लिहिलं असतं. आता त्या चित्रांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आहे. एक प्राणी, ज्याचा एकेक केस मला ठाऊक आहे, आणि जो जगाच्या लेखी नाही. मी मेल्यावर तो गठ्ठा कोणी उघडला तर त्याला वाटेल, मास्तरनं मनानंच काढला असावा. ही गोष्ट मला खाते. रोज खाते, आणि त्यावर काही उपाय आहे असं मला वाटत नाही.

घरात आई पूर्वीसारखीच वागते. वेळेवर जेवण, वेळेवर चहा. फक्त मी बाहेरून आलो की ती काहीतरी निमित्त काढून जवळ येते. कॉलर नीट करते, कपाळाला हात लावते, ताप आहे का पाहते. आणि हळूच वास घेते. तिला वाटतं मला कळत नाही. पहिल्यांदा मला राग यायचा. आता येत नाही, आणि राग न येणं हे रागापेक्षा वाईट आहे.

बारशाबद्दल तिनं बरेच दिवस काही विचारलं नाही. मला वाटलं तिला समजलं. मग परवा संध्याकाळी मी घरी आलो तर ती सूप घेऊन चणे निवडत बसली होती. तेच, वेगळ्या डब्यातले.

"कीड लागून राह्यली याले," ती म्हणाली. "कधी आहे रे बारसं?"

"नाई होत आता, आई."

"काऊन?"

"मेला तो."

तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिकवलेला धडा माझ्याच तोंडून चुकला आहे. "अरे, तो त पहिलेच मेलेला होता न? बाटलीत जित्ता थोडीच होता?"

"मेलेलाच होता," मी म्हणालो. "पण टिकून होता."

"कायच्यात?"

स्पिरिट म्हणायला तोंड उघडलं होतं. पण इतक्या महिन्यांत त्या शब्दानं काही साधलं नव्हतं, आणि मी थकलो होतो. मी तिचाच शब्द वापरला. "दारूत," मी म्हणालो.

ती रागावली नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, मी लहान असताना बाप गावात पडल्याची बातमी आली की फिरवायची तसा. "दारूत कोणी टिकते का रे बापा," ती म्हणाली. "तुह्या बापाले पाह्यलं न आपण."

"हो," मी म्हणालो. "पाह्यलं."

तिनं चणे पुन्हा डब्यात भरले, झाकण लावलं आणि ताट वाढायला उठली. ताट ठेवताना ती नेहमीसारखी माझ्या तोंडाजवळ वाकली. मी श्वास रोखला नाही. तिला नीट कळावं म्हणून मी तो सावकाश सोडला.